दुपारची गोळी

“ऑपरेशन उत्तम झालंय,” डॉक्टर पडद्याकडं बघत म्हणाले. “फक्त यांच्या शरीराला ते पटलेलं नाही.”

मीही पडद्याकडं बघितलं. काळ्या-करड्या रंगात माझ्या नवऱ्याचं हृदय उघडझाप करत होतं आणि त्याच्याभोवती एक काळी पट्टी दिसत होती. ती पट्टी म्हणजे पाणी. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, तिच्यात ते साठलं होतं. या दुखण्याचं नाव पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोम. मी हायस्कूलला भूगोल शिकवते, त्यामुळं लांबलचक नावांना घाबरत नाही, पण हे नाव मी डॉक्टरांकडून दोनदा म्हणून घेतलं.

हे कुणासाठी लिहितेय ते आधी सांगते. ज्यांच्या घरात बायपास किंवा व्हॉल्व्हचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि माणूस घरी आल्यावर पुन्हा कण्हायला लागलाय, त्यांच्यासाठी. शिवाय आणखी एक कारण आहे. एका बाईनं माझ्या नवऱ्याला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. तिला मी शिक्षा केली, आणि ती कशी केली ते सांगायची मला हौस आहे. समजूतदार, सोशिक बायकोचा अनुभव वाचायचा असेल त्यांनी इथंच थांबावं.

आमचं गाव कराडच्या पुढं, कृष्णाकाठी. हे, म्हणजे संपतराव, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि ऊस करायला लागले. मुलगा फौजेतच, पोस्टिंग पार ईशान्येला. घरात आम्ही दोघंच. यांच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या म्हणून सांगलीला बायपास झाली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, टाके व्यवस्थित भरले, घरी आले, अंगणात फेऱ्या मारायला लागले. मी शाळेत पेढे वाटले. तेवढी घाई मी करायला नको होती.

काही दिवसांनी छातीत दुखायला लागलं. हे दुखणं आधीच्यासारखं नव्हतं. श्वास आत घेतला की टोचायचं, आडवं झालं की वाढायचं, पुढं वाकून बसलं की कमी व्हायचं. हे उशी पोटाशी धरून वाकून बसायचे आणि मला वाटायचं, हाड जुळतंय म्हणून दुखत असेल. मग बारीक ताप यायला लागला. दोन जिने चढून आल्यासारखी धाप नुसत्या बसल्याजागी लागायची. गावातल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं, त्यानं काडीचा फरक पडला नाही. म्हणून पुन्हा सांगली गाठली.

तुम्हाला सांगून ठेवते. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर काही आठवड्यांनी ताप, श्वास घेताना दुखणं, झोपल्यावर दुखणं असं काही दिसलं, तर हाड जुळतंय असं म्हणत बसू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करा.

तिथं छातीचा फोटो काढला. टूडी इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सीआरपी नावाची रक्ताची तपासणी केली. अंगात कुठं सूज पेटली असेल तर हा आकडा वर जातो. यांचा बराच वर गेला होता. जंतू मात्र कुठंच सापडले नाहीत.

“मग ताप कशाचा?” मी विचारलं.

“त्यांच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा,” डॉक्टर म्हणाले. “बघा, ऑपरेशनच्या वेळी आपण हृदयाची पिशवी उघडली. थोड्या पेशी दुखावल्या, थोडं रक्त आत सांडलं. शिवाय रक्त हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांमधून फिरवलं, तेही शरीराला परकंच. बहुतेकांचं शरीर हे सगळं साफ करून गप्प बसतं. काहींची प्रतिकारशक्ती चवताळते आणि थांबतच नाही. त्या पिशवीवरच धावून जाते. पिशवी सुजते, पाणी धरते. आता आपल्याला तिला शांत करायचंय.”

औषधं साधीच होती. अ‍ॅस्पिरिनचा मोठा डोस, सकाळ, दुपार, संध्याकाळ जेवणानंतर. सोबत कोल्चिसीन नावाची गोळी. ही गोळी जुनी आहे, सांध्यांच्या एका दुखण्यासाठी पूर्वीपासून देतात, पण या सुजेवरही चालते. डॉक्टरांनी बजावलं, “या गोळीनं पोट बिघडू शकतं. जुलाब झाले तर मला फोन करा, मी डोस बदलेन. बरं वाटायला लागलं तरी मनानं बंद करायची नाही. सूज पुन्हा उसळते.”

मी सगळं ऐकलं. यांनीही ऐकलं. केबिनबाहेर आल्यावर यांनी आटपाडीला बहिणीला फोन लावला. “आक्का, माझीच पलटण माझ्यावर फायर करतीया बघ. डाक्टर म्हणतोय तिला गप करायची गोळी दिली हाय.” आणि हसले. हसताना दुखलं म्हणून पुन्हा छाती धरून वाकले.

आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. आमच्या सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा आक्कांनीच यांना वाढवलं. लग्न होऊन आटपाडीच्या माळावर गेल्या, तिथं डाळिंबाची बाग करून दाखवली. आईबापाच्या जमिनीत त्यांचाही हक्क होता, तो त्यांनी भावासाठी सोडून दिला, आमच्याकडच्या बहिणी सोडतात तसा. बदल्यात त्यांना काय हवं होतं? वर्षातून चार दिवस माहेर. ते मी आनंदानं दिलं होतं. नणंद-भावजयीची भांडणं आमच्यात कधी झाली नाहीत, आणि मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान पुढं चुलीत गेला.

फोनच्या दुसऱ्या दिवशी आक्का एस्टीनं हजर. सोबत डाळिंबांची पिशवी आणि दुसऱ्या पिशवीत गुळवेल, अडुळसा, आणखी कसल्या कसल्या काड्या. “काढा करते. ताकद यायला पायजे,” म्हणाल्या. मला काढ्याचं काही वावडं नव्हतं. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक माणूस काहीतरी घेऊन येतोच. शहाळं, बिस्किटाचा पुडा, सफरचंदं आणि सल्ला. त्या दिवसांत आमच्या ओसरीवर सल्ल्यांचा बाजार भरला होता.

शाळेत दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या. माझी रजा संपत आली होती. आक्का म्हणाल्या, “तू जा सुनंदा, म्या हाय की.” मी दुपारच्या गोळ्या वाटीत काढून ठेवून शाळेत जायला लागले. संध्याकाळी यायची तर वाटी रिकामी, घासून पालथी घातलेली. मला बरं वाटायचं. यांचं दुखणंही कमी झालं होतं, ताप उतरला होता. घरात मोठं माणूस असलं की कसा आधार असतो, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. त्या वाक्याचा मला आजही राग येतो.

मग यांना जुलाब लागले. डॉक्टरांनी सांगितलेलेच जुलाब. पण मला ते कुणी सांगितलंच नाही.

पुढं जे झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. आक्कांनी भावाला समोर बसवून विचारलं, ही गोळी नेमकी कशाची? यांनी सांगितलं, प्रतिकारशक्ती दाबायची. आक्का म्हणाल्या, “छाती फाडल्याली, अंगात रगत न्हाई, आन वर प्रतिकारशक्ती मारायची? डाक्टर हाय का वैरी?” आणि त्या दिवसापासून वाटीतल्या गोळ्या परसातल्या उसाच्या पाटात जायला लागल्या. सकाळची आणि संध्याकाळची मी स्वतः देत होते, ती हे गालात धरून ठेवायचे आणि मी पाठ फिरवली की थुंकायचे. सीमेवर आयुष्य काढलेला माणूस बहिणीच्या सांगण्यावरून गालात गोळी लपवत होता. वाटीभर काढा मात्र दोन वेळा पीत होता, प्रतिकारशक्ती वाढवायला.

तुमच्या लक्षात आलं का? डॉक्टर जे विझवायला बघत होते, ते या भावंडांनी मोकळं सोडलं होतं, आणि वर त्याला खुराक घालतोय असं समजून बसले होते.

एका दुपारी शाळेत फोन आला. मी घरी पोचले तेव्हा हे खाटेवर बसून श्वासासाठी तोंडाची उघडझाप करत होते. मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या, हातपाय गार पडले होते. कराडहून रुग्णवाहिका मागवली. पेठ नाक्यापासून पुढं सांगलीपर्यंत मी यांचा हात धरून बसले होते आणि समोर आक्का पदराचा बोळा तोंडात कोंबून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी इकोचा दांडा छातीवर ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. “टॅम्पोनाड,” ते म्हणाले. पिशवीतलं पाणी इतकं वाढतं की हृदय आवळलं जातं, त्याला फुगायला जागाच उरत नाही. “गोळ्या चालू आहेत ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

यांना बोलता येत नव्हतं. पण यांनी आक्कांकडं बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मला या माणसाची एक गोष्ट पक्की माहीत आहे. याला खोटं बोलता येत नाही, फार तर गप्प बसता येतं. मीही आक्कांकडं बघितलं. आक्कांनी मान खाली घातली.

मला सगळं कळायला तेवढं पुरलं.

यांना आत नेलं. छातीच्या हाडाखालून सुई घालून पाणी काढायचं आणि एक बारीक नळी ठेवायची, असं ते काम होतं. त्याला पेरिकार्डिओसेंटेसिस म्हणतात. नाव मोठं असलं तरी अनुभवी हातांना ते फार वेळ लागत नाही. बाहेर बसलेल्या माणसाला मात्र फार वेळ लागतो.

बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आक्का. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला होता की दात दुखायला लागले होते. मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, “आक्का, हे जगले तर जगले. नाही जगले तर नाही. पण तुमचं माहेर आज संपलं. माझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावायचा नाही.”

आक्का म्हणाल्या, “बरं.”

त्यांनी भांडायला हवं होतं. भांडल्या असत्या तर मी आणखी बोलले असते, माझ्याकडं खूप होतं. “बरं” म्हणून त्या तिथंच बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “आमचं मालक करोनात गेलं तवा तिथला डाक्टर म्हणला, प्रतिकारशक्ती कमी पडली. मला तेवढा एकच शब्द म्हाईत हुता, सुनंदा. संपा म्हणला, ती मारायची गोळी हाय. माझ्या काळजाचं पाणी झालं.”

मी ऐकलं. मला दया यायला हवी होती, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला दया आली नाही. मला वाटलं, शब्द एकच माहीत होता तर दुसरा विचारायला तोंड नव्हतं का? फोन होता, मी होते, डॉक्टर होते. मी पुन्हा माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

पाणी निघालं. तांबूस रंगाचं, बाटलीभर. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “वेळेत आणलंत. रक्तदाब सुधारलाय.”

त्यांना मी काढ्याबद्दलही विचारलं, कारण मला आक्कांवर ठेवायला आणखी एक गुन्हा हवा होता. ते म्हणाले, “काढ्यात काय होतं मला माहीत नाही, त्यामुळं त्यानं काय केलं हेही मी सांगू शकत नाही. यापुढं मला विचारल्याशिवाय नको, एवढंच. पण गोळ्या अचानक थांबल्या आणि सूज उसळली, हे मी सांगू शकतो.” मला काढ्यासकट सगळं हवं होतं. पण डॉक्टर प्रामाणिक होते, काय करता.

पुढचे दिवस अतिदक्षता विभागाच्या बाहेर गेले. नळीतून येणारं पाणी रोज कमी होत गेलं. या वेळी औषधांत स्टेरॉइडची भर पडली. हे नाव ऐकून दचकू नका. चवताळलेली प्रतिकारशक्ती आवरायचं ते जोरदार औषध आहे, पण ते डॉक्टरांच्याच हिशोबानं हळूहळू कमी करत न्यायचं असतं. एकदम बंद केलं तर घात होतो. शिवाय ते चालू असताना जंतुसंसर्ग पटकन होऊ शकतो, म्हणून भेटायला येणाऱ्यांना लांब ठेवायचं, हात धुवायला लावायचे, सर्दीवाल्याला तर दारातूनच वाटेला लावायचं.

या दिवसांत माझी भूक गेली होती, झोप गेली होती. मी रागावर जगत होते. खरं सांगते, राग नसता तर मी कोलमडले असते. कँटीनचा चहा पिताना मी मनात आक्कांना घराबाहेर काढायचे, कधी भर अंगणात, कधी भावकीसमोर, कधी औंधला यमाईच्या यात्रेत. प्रत्येक वेळी त्या गयावया करायच्या आणि मी वळूनही बघायची नाही. खऱ्या आक्का तेव्हा खाली पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसून असायच्या. वर येत नव्हत्या. वॉचमनकडून फळं पाठवायच्या, ती मी नर्सना देऊन टाकायची.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावलं. कोल्चिसीन तीन महिने, कमी डोसनं. अ‍ॅस्पिरिन आणि स्टेरॉइड सांगू तसं उतरवत आणायचं. “घरी कोण देणार औषधं? एक जबाबदार माणूस ठरवा,” ते म्हणाले.

मी मनातल्या मनात माणसं मोजली. रजा संपली होती. बिनपगारी घेतली असती, पण दहावीच्या वर्गाला दुसरं कुणी नव्हतं. मुलगा चार दिवस येऊन परत गेला होता. शेजारणीवर भरवसा ठेवायचा तर तिची सून स्वतःच काढ्याची मोठी भक्त. आणि यांच्या स्वतःच्या हातात गोळ्या द्यायच्या, तर यांच्या गालांवरचा माझा विश्वास उडालेला.

तेव्हा मला शिक्षा सुचली. पंचवीस वर्षं मी नववी-दहावीच्या पोरांना शिक्षा करत आलेय. वर्गाबाहेर काढलेलं पोर मजेत असतं, मैदानावर हिंडतं. खरी शिक्षा म्हणजे त्याला वर्गातच ठेवायचं, पहिल्या बाकावर बसवायचं आणि जो गृहपाठ चुकलाय तोच सगळ्यांसमोर वाचायला लावायचा.

मी खाली पार्किंगमध्ये गेले. आक्का उठून उभ्या राहिल्या.

“माहेर बंद आहेच,” मी म्हणाले. “पण तीन महिने तुम्ही माझ्या घरी राहायचं. पाहुणी म्हणून नाही. ज्या गोळ्या तुम्ही पाटात टाकल्या, त्या तुमच्या हातानं द्यायच्या, यांचं तोंड उघडायला लावून बघायचं. आणि भेटायला जो कोणी येईल, त्याला दारात एक वाक्य सांगायचं. म्या गोळ्या बंद केल्या, माझा भाऊ मरता मरता वाचला. रोज. प्रत्येकाला.”

“प्रत्येकाला?”

“प्रत्येकाला.”

“बरं,” आक्का म्हणाल्या आणि पिशवी उचलून गाडीत पुढच्या सीटवर बसल्या.

यांनी गाडीत विचारलं, “आन माझी शिक्षा?” मी म्हणाले, “तुम्ही प्रत्येक गोळीनंतर बहिणीसमोर आ करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, गोळी घेतली.” सुभेदारांची मिशी थरथरली, पण हुकूम तो हुकूम.

पहिले भेटायला आले ते यांचे मामा आणि मामी. आक्का दारात गेल्या. मी मुद्दाम ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. आक्कांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “मामी, म्या गोळ्या बंद केल्या हुत्या. माझा भाऊ मरता मरता वाचला.” मामींनी तोंडाला पदर लावला. आक्कांचे कान लाल झाले होते. मी आत जाऊन आल्याचा चहा टाकला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला चहाची चव लागली. कबूल करते, त्या दिवशी मला फार गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरपंचांची बायको आली. मग दूध डेअरीवाले. मग यांचे दोन फौजी दोस्त. आक्का प्रत्येकाला वाक्य सांगायच्या, हात धुवायला लावायच्या आणि यांना लांबूनच दाखवायच्या. गाव लहान, बातमी लांबवर गेली. नदीपलीकडून लोक यांना बघायला कमी आणि आक्कांना ऐकायला जास्त यायला लागले. माझ्या मनासारखं सगळं होत होतं.

मी संध्याकाळी शाळेतून आले की आधी वाटी बघायची, मग यांचा चेहरा, मग आक्कांचा. आक्का दुपारी भावाच्या समोर मांडी घालून बसायच्या. “आ कर रं. जीभ वर. गाल दाव. ह्यो न्हाई, त्यो.” हे म्हणायचे, “गोळी घेतली!” शेजारच्या गोठ्यातली म्हैस दचकायची इतक्या मोठ्यानं. मधे पुन्हा पोट बिघडलं तेव्हा आक्कांनी मला शाळेत फोन केला आणि आधी डॉक्टरांना लाव म्हणाल्या. डोस बदलला, पोट सुधारलं. त्या फोननंतर मी वर्गात जाऊन पोरांवर उगाचच ओरडले. आक्कांनी चूक केली असती तर मला सोपं गेलं असतं.

एका रविवारी मामी पुन्हा आल्या, या वेळी बाटलीत कसलासा रस घेऊन. “जावयानं पुण्यासनं आणलाय, ताकदीचा,” म्हणाल्या. आक्का दारातून हलल्या नाहीत.

“आवं मामी, डाक्टरला इचारलं का?”

“आगं, झाडपाल्याचंच हाय. त्यात काय इचारायचं?”

“म्या बी असंच म्हणले हुते. म्या गोळ्या बंद केल्या, माझा भाऊ मरता मरता वाचला. बाटली परत न्या. आन मामांची बीपीची गोळी चालू हाय का? का ती बी बंद केली ह्यो रस पाजून?”

मामी गडबडल्या. मामांची गोळी खरंच बंद होती. आक्कांनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “सुनंदा, हिला जरा दवाखान्याचं समजावून सांग, माझी अक्कल तेवढी चालत न्हाई.” मी समजावलं. बाटली परत गेली.

माझा राग संपला असं समजू नका. रात्री भात वाढताना आक्कांच्या हाताकडं लक्ष गेलं की मला अजून तो पाट दिसायचा आणि त्यातून वाहून जाणाऱ्या पांढऱ्या गोळ्या. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. माहेरवाशिणीला वाढतात तसं आग्रहानं वाढलं नाही, डोक्याला तेल लावून दिलं नाही. आक्कांनीही मागितलं नाही.

शेवटच्या तपासणीला आम्ही तिघं सांगलीला गेलो. इको झाला. काळी पट्टी कुठंच नव्हती. सीआरपी जागेवर आलं होतं. डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत मागं टेकून बसले. “कोल्चिसीन आजपासून बंद. स्टेरॉइड संपलंच आहे. हृदयाच्या बाकीच्या गोळ्या मात्र कायम. औषधं फार छान दिलीत. कुणी दिली?”

यांनी बहिणीकडं बोट केलं.

डॉक्टर हात जोडून म्हणाले, “शाबास, आजी.”

आक्का खुर्चीतून उठल्या. शाळेतलं पोर उत्तर द्यायला उठतं तशा. “डाक्टर, म्या गोळ्या बंद केल्या हुत्या. माझा भाऊ मरता मरता वाचला.”

प्रत्येकाला सांगायचं, असं मी म्हटलं होतं. डॉक्टर त्यातून सुटले नाहीत. माझा हुकूम इतका तंतोतंत पाळलेला बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली. आक्कांची नाही.

बाहेर आल्यावर आक्का म्हणाल्या, “मला हितनंच आटपाडीची गाडी घावंल. बाग बघाय पायजे.” आम्ही त्यांना सांगली स्टँडवर सोडायला गेलो. पिशवी त्यांनी सकाळीच भरून आणली होती, हे मला तेव्हा कळलं. गाडी लागलेली होती.

मला जे बोलायचं होतं ते नीट बोलता येईना, म्हणून मी वर्गात बोलते तसंच बोलले. “आक्का, शिक्षा संपली. ते वाक्य आता नाही म्हटलं तरी चालेल. आणि भाऊबीजेला लवकर या. डाळिंबं आणा. काढ्याची एक काडी जरी दिसली तरी दारातूनच परत पाठवीन.”

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. या वेळी “बरं” म्हणाल्या नाहीत. माझ्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कपाळाशी मोडली आणि गाडीत चढल्या.

माफ केलंत का, असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणते. ज्यांनी नवऱ्याच्या फुगलेल्या मानेच्या शिरा बघितल्यात, त्यांना कळेल. पण तुमच्या घरात अशी वेळ आली आणि कुणाच्या हातून माझ्या नणंदेसारखी चूक झाली, तर त्या माणसाला हाकलू नका. त्याच्याच हातात गोळ्या द्या. त्याच्याइतकं घाबरून औषध दुसरं कुणी देणार नाही.

आक्कांना खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक तरुण बाई बसली होती. मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, त्यावर आमच्याच हॉस्पिटलच्या औषधांची पिशवी, आणि पलीकडच्या सीटवर तिचा नवरा छातीला उशी धरून बसलेला. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. मी अर्ध्या उघड्या खिडकीशी उभी होते. आक्का माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या त्या बाईच्या मांडीवरच्या पिशवीत वाकून बघत होत्या.

“ह्या गोळ्या कवा बंद करायच्या, इचारलंस का?”

“न्हाई. बरं वाटलं की करू.”

मी काच वाजवायला हात उचलला होता. तो तसाच खाली घेतला.

“ऐक बाई,” आक्का म्हणाल्या. “म्या बंद केल्या हुत्या. माझा भाऊ मरता मरता वाचला.”